नरहरचा होकार

नरहर गेल्याचं कार्ड हातात पडलं, तेव्हा मी औरंगाबादेत त्याच्यासाठीच बघून ठेवलेल्या घराची रंगसफेदी करवून घेत उभा होतो. मृत्यूचं पत्र घरात न्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून ते दारातच वाचलं आणि दारातच फाडलं. अक्षर त्याच्या पुतण्याचं होतं. छातीत दुखलं, दोन दिवस अंथरुणावर होते, एवढंच लिहिलं होतं. रंगारी विचारत होता, अजून एक हात मारू का. मी म्हटलं, "मार बाबा, काय मारायचा तो मार," आणि पायरीवर बसून रडलो... पन्नाशी उलटलेला माणूस भर रस्त्यावर असा रडताना बघून त्या बिचाऱ्यानं काम थांबवलं.

नरहर आणि मी हैदराबादेत एकाच कचेरीत, शेजारशेजारच्या टेबलांवर म्हातारे होत आलो होतो. फायली उर्दूत, भांडणं मराठीत आणि चहा कोपऱ्यावरच्या इराण्याकडे. मग राज्याची वाटणी झाली आणि आम्हा कारकुनांचेही वाटे पडले. मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, त्यांच्या यादीत माझं नाव लागलं आणि मी बिऱ्हाड उचलून औरंगाबादला आलो. नरहरचं नावही त्याच यादीत होतं. पण हा पठ्ठ्या अर्जावर अर्ज करून मुदत वाढवून घेत राहिला. मला त्याचा संताप यायचा. आता तिथं आपलं काय राहिलंय, असं मी दर पत्रात त्याला खडसावायचो. खरं सांगू? मलाच इकडे करमत नव्हतं. मनातलं बोलायला माणूस नव्हतं. त्याचं भलं, त्याचं भलं म्हणत मला माझा नरहर हवा होता.

आषाढात तीन दिवसांची रजा काढून हैदराबादला गेलो. या खेपेला त्याचा होकार घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवूनच. काचीगुड्याला उतरलो तर साहेब फलाटावर हजर. वारा असा सुटला होता की दोघांनी टोप्या हातात धरून टांगा गाठला. हैदराबादचा तो वारा! खडकांच्या टेकड्यांवरून उतरतो आणि गल्लीत शिरून वाळत घातलेली धोतरं पळवतो. चिक्कडपल्लीच्या घरी सुमतीवहिनींनी भाकरी आणि खट्टी दाल वाढली. "वाळलात की हो भाऊजी तिकडे!" म्हणाल्या. मी पहिल्या घासापासूनच सुरू झालो. घर बघून ठेवलंय, तीन खोल्या आहेत, अंगणात विहीर आहे, माझ्या दारातून हाक मारली तर ऐकू येईल. नरहर पापडाचे तुकडे करत ऐकत होता. वहिनी त्याच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, यांचाच पाय निघत नाही इथून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी म्हटलं, "चल, टेकडीवर जाऊ." तलावाकडच्या त्या टेकडीवर आम्ही कचेरी सुटल्यावर कितीदा तरी जायचो. "आज नको, वारं फार आहे," वहिनी म्हणाल्या. पण नरहर चपला शोधू लागला होता. "अगं, तीन दिवसांचा पाहुणा तो." चढताना तो प्रत्येक खडकापाशी थांबून मला काहीतरी दाखवायचा. ते बघ, तिकडे नवीन इमारत होतेय. तो बघ, तलाव कसा हिंदकळतोय. "अरे, जन्म गेला माझा हे बघण्यात, चल लवकर!" म्हणत मी त्याचा हात धरून त्याला ओढत वर नेलं. माथ्यावर तर ओरडूनच बोलावं लागत होतं. मी ओरडलो, "मग येतोस ना? दसऱ्याच्या आत?" तो खडकाला टेकला. मग छातीवर हात ठेवून, मान किंचित लववून म्हणाला, "हौ बापू, जरूर. का नाही येणार?"

मी आनंदानं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

कार्ड आल्यावर दहा-बारा दिवसांनी समाचाराला गेलो, तेव्हा वहिनींनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चैत्रातच बजावलं होतं, चढायचं नाही, दगदग करायची नाही. मी जाण्याआधीच त्यानं इथंच राहायचं म्हणून नोकरीचा राजीनामा लिहून दिला होता. "मग मला सांगायचं नाही?" मी वहिनींवर ओरडलोच. "ओढत नेलं हो मी त्याला वर!" त्या शांतपणे म्हणाल्या, "घरी आलेल्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणाले. पत्रानं सावकाश कळवू म्हणाले." छातीवर हात ठेवून इतक्या अदबीनं 'जरूर' म्हणणारा हैदराबादी माणूस नाही म्हणत असतो, हे मला कळू नये? मीही टेबलामागे बसून जन्मभर लोकांना तसाच नकार दिला. दोन वर्षांत विसरलो, असं म्हणावंसं वाटतं, पण विसरलो नव्हतो. मला होकार हवा होता आणि मी तो घेतला.

"टेकडीचं मनाला लावून घेऊ नका," वहिनी म्हणाल्या. थोड्या वेळानं खाली बघत म्हणाल्या, "पण भाऊजी, तीन दिवसांत एकदा तरी 'तब्येत कशी आहे' म्हणून विचारायचं होतंत. ते वाट बघत होते."

चहा निवून गेला तरी मी तसाच बसलो होतो.

परत आल्यावर किल्ली द्यायला घरमालकांकडे गेलो. त्याआधी उगाच एकदा आत जाऊन आलो. भिंती कोऱ्या करकरीत, चुन्याचा ओला वास, आणि खुंट्या सगळ्या रिकाम्या. घरमालकांनी किल्ली हातात घेऊन विचारलं, "का हो, तुमचे मित्र यायचे होते ना?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांनी तेव्हाच नाही म्हणून सांगितलं होतं."