मागच्या स्पीकरांपुढची आरती

एकट्या माणसाच्या घरात भांडी साचत नाहीत, किस्से मात्र साचतात. मी तुयेच्या कारखान्यातून निवृत्त झालो, पाठोपाठ बायको गेली, आणि मुलगा नितीन दुबईत. पेडण्याच्या ह्या घरात संध्याकाळी आम्ही तिघं बसतो: मी, शाळेतून निवृत्त झालेले दिगू मास्तर, आणि जन्मभर डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवलेला बाबलो. नितीनने आधी प्रोजेक्टर आणि मागून वायरलेस सराउंड साउंड पाठवला, तेव्हापासून तर किस्स्यांना तोटाच नाही.

* * *

खोकं उघडलं. बाबलोने पहिला स्पीकर बाहेर काढला, तर मागे वायर लोंबतेय!

"वायरलेस मरे हो? मगे ही वायर कोणाची?"

मी नितीनला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, आवाज हवेतून जातो. वीज भिंतीतूनच येणार ना!"

आमच्या हॉलात प्लग दोन, त्यातला एक देवाच्या दिव्याचा. मग एक्स्टेंशन बोर्ड आले, बोर्डाला बोर्ड लागले. चालायला वाट उरली नाही. बाबलो एका पायावर उभा राहून म्हणाला, "आवाज सोडून सगळ्याक वायर आसा!"

* * *

मग प्लॅनिंग. नितीनने विचारलं, "बसणार किती जण? त्यावर मागचे स्पीकर कुठे ठेवायचे ते ठरेल."

"पंधरा," मी म्हटलं.

मास्तरांनी हॉलकडे बघितलं. तीन कदेली होत्या. खुर्चीला आम्ही कदेलच म्हणतो. "पंधरा खंयचे रे?"

"चवथीचे."

चवथीला, म्हणजे गणपतीत, पूर्वी घरात पंधरा माणसं असायची. आता सगळी पांगली. खरं सांगतो, मला पिक्चरचं वेड नाही. वाटत होतं, एवढा थाट केला तर नितीन यंदा चवथीला सून आणि नातीला घेऊन येईल, आणि पिक्चरच्या नादाने चार दिवस जास्त राहील.

मास्तर टेप घेऊन उठले आणि पंधरा जणांची मापं घेऊ लागले.

* * *

प्रोजेक्टर भिंतीच्या जवळूनच मोठं चित्र पाडणारा होता. म्हापशाहून आलेला टेक्निशियन म्हणाला, छताला भोक पाडावं लागेल.

"भोक कित्याक? हुक आसात मरे!" बाबलो म्हणाला.

होतेच! चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतो, रानातली फळं-फुलं टांगायची लाकडी चौकट, तिचे हे कायमचे हुक. प्रोजेक्टर त्यांनाच टांगला. झकास बसला! चवथीच्या पाहुण्यांसाठी एवढी तयारी चाललेली, आणि त्या दिवशी त्याच हुकांना माटोळी लागणार हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही!

महिन्याभराने मास्तरांनी वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. "माटोळीक यंदा एक फळ आगाऊ लागलां रे!"

* * *

एका पिक्चरमध्ये मागून पुढे विमान गेलं. बाबलो मान वर करून म्हणाला, "ह्यां मोपाचां की पिक्चराचां?" तेवढ्यात जवळच्या मोपा विमानतळाचं खरं विमानही गेलं. दोघांचा वाद पेटला, आधीचं खरं की नंतरचं.

मी म्हटलं, "कुठलंही असू दे. उतरून आमच्याकडे कोण येतंय?"

दोघांनी वाद सोडला आणि पडद्याकडे तोंडं वळवली. उगाच बोललो असं वाटलं.

* * *

हा किस्सा मी त्यांना सांगितलेला नाही. दोघे आले नव्हते, मी एकटाच पिक्चर बघत होतो. मागे दार वाजलं. उठलो, कडी काढली. बाहेर कोणी नाही. परत येऊन बसतो तर पडद्यावरचा माणूस दार उघडत होता!

दुसऱ्या दिवशी तोच पिक्चर लावला. दार वाजणार हे माहीत होतं. तरी उठलो.

* * *

चवथ आली. नितीनला रजा मिळाली नाही. प्रोजेक्टर उतरवला, माटोळी चढली. चवथीला ज्याचा त्याचा गणपती, म्हणून मास्तर आणि बाबलो आपापल्या घरी. आरतीला मी एकटा.

नितीनने फोनवर एक जुना व्हिडिओ पाठवला होता, बायको होती तेव्हाच्या आरतीचा. चित्र पाडायला प्रोजेक्टर नव्हता, म्हणून नुसता आवाज स्पीकरवर लावला. आणि हॉल भरला! थोरल्या भावाचा फाटका गळा, पोरांची ओरड, आणि बायकोची झांज, नेहमीसारखी अर्धा ठेका मागे. मीही घसा ताणून गायलो.

आरती संपली. ताट सगळ्यांपुढे फिरवायची हाताला सवय. मी वळलो. डावीकडच्या स्पीकरपुढे ताट धरलं, मग उजवीकडच्या, मग मागच्या दोघांपुढे. शेवटच्या स्पीकरपाशी जरा जास्तच थांबलो.

वर बघतो तर दारात बाबलो! हातात नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, ताटली, अंगावर नवा शर्ट. कधीचा उभा होता कोण जाणे.

बाबलोने ताटली कदेलीवर ठेवली, चपला काढल्या. वायरी चुकवत चुकवत मागे आला, शेवटच्या स्पीकरच्या शेजारी उभा राहिला आणि दोन्ही हात ज्योतीकडे पुढे केले.

"रांग हयसरच मरे? ताट हाड, आतां माझो नंबर."