बोटांकडून विणलेले मोजे

मोजा वरून सुरू होतो. आधी घोट्यावरची पट्टी, मग नळी, मग टाच, मग पाऊल, आणि सगळ्यात शेवटी बोटांकडचं उघडं तोंड शिवून बंद करायचं. वसई पूर्वेच्या एका गाळ्यात मोजे विणणाऱ्या मशीनांवर मी सत्तावीस वर्षं मेकॅनिक होतो, त्यामुळे मोजा म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या तुळिंजच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त बाईंनी बोटांकडून मोजा विणायचा क्लास काढला आणि माझी बायको त्यात नाव घालून आली, तेव्हा मी पोट धरून हसलो.

दर मंगळवारी दुपारी सोसायटीच्या ऑफिसात पाच बायका जमायच्या. शिकवणाऱ्या बाई स्वतःच मोबाइलवर बघून शिकलेल्या. व्हिडिओ थांबवायचा, चार टाके घालायचे, चुकले की उसवायचे, पुन्हा व्हिडिओ. एका मोज्याला त्यांना महिना लागे. आमचं मशीन चहा गार व्हायच्या आत एक मोजा खाली टाकायचं. आणि हे मोजे घालणार कोण? चांदीपकडे शेतावर पहाटे जरा गारवा असतो म्हणतात. तुळिंजला जानेवारीतसुद्धा पंखा दोनवर असतो.

त्यात वर जाळी. दोन टाके एकत्र विणायचे, सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यायचा, की झालं भोक. अशी भोकंच भोकं घोट्याभोवती. मोज्याला भोक दिसलं की आम्ही तो सेकंडच्या ढिगात फेकायचो. या बायका मुद्दाम भोकं पाडत होत्या आणि वर एकमेकींना दाखवत होत्या. मी बायकोला म्हटलं, "तुमच्या क्लासचा सगळा मालच सेकंडचा आहे." तिने टाके मोजणं थांबवलं नाही.

आता माझ्या पायांबद्दल सांगायला हवं. मला साखर आहे, बरीच वर्षं. पायांना आधी मुंग्या यायच्या, मग त्याही थांबल्या. वसईतले डॉक्टर म्हणाले की पायाला लागलेलं तुम्हाला कळणार नाही, तेव्हा रोज कुणाकडून तरी तळपाय बघून घ्या, एखादी जखम चिघळली तर बोट जाईल. तो माझ्या मुलाच्या वयाचा डॉक्टर. मी म्हटलं, माझे पाय मला माहीत आहेत. घरी आल्यावर बायको बघू म्हणाली, तर तिच्यावरही खेकसलो. बायकोपुढे पाय पसरून तपासणी करून घ्यायची म्हणजे उद्या ही मला भरवायलाही बसेल, असं काहीतरी बोललो. घरातसुद्धा मी दिवसभर मोजे घालतो. कारखान्यातून आणलेले काळे, पोतंभर आहेत, मरेपर्यंत पुरतील.

क्लासला जाऊन पंधरा दिवस झाले असतील. बायको पांढऱ्या सुती धाग्याचं एक टोपण घेऊन समोर आली. गोल सुईला लटकलेलं, बोटं झाकतील एवढंच.

"पाय द्या जरा. माप बघायचंय."

"क्लासमधल्या बायकांना पाय नाहीत?"

"त्यांचे त्यांच्या मोज्यात आहेत. द्या."

बोटांकडून विणण्यात म्हणे हाच फायदा. विणता विणता पायात घालून बघता येतं, आणि हवा तिथे थांबवता येतो. मला हसू आलं. माल तयार व्हायच्या आधीच गिऱ्हाईक बोलावणारा धंदा मी पहिल्यांदाच बघत होतो. पण मोज्याच्या बाबतीत कुणी माझा सल्ला घ्यायला आलं की मला राहवत नाही. मी मोजा काढून पाय पुढे केला आणि इथे सैल आहे, तिथे ओढलंय, हा टाका गेलाय, असं तिला सुनावत बसलो. दर दोन-तीन दिवसांनी ती यायची. पाय मांडीवर घ्यायची, उजेडाकडे वळवायची, बोटं एकेक बाजूला करायची. मी पेपर वाचत नावं ठेवायचो. एवढ्याशा मोज्याला इतकी मापं कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही, कारण आमचं शहाणपण मशीनपुरतं.

टाच वळवून झाली होती तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी मी घाईत होतो. स्वतःच काळा मोजा ओढून काढला, स्वतःच तो पांढरा पायात कोंबला आणि म्हटलं, "बघ आणि सोड." तिने हळूच मोजा उतरवला आणि उलटा केला. करंगळीच्या जागी तांबडा डाग होता.

काळ्या मोज्यात काही दिसलं नव्हतं आणि मला काही दुखलं नव्हतं. करंगळीच्या खालच्या अंगाला कातडी सोलून आत खड्डा पडला होता. ती म्हणाली, "परवा नव्हतं हे." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं की ती इतके दिवस काय मोजत होती.

रिक्षाने थेट वसईला गेलो. डॉक्टरांनी माझा काळा मोजा हातात घेतला, आतून बाहेर केला आणि बोटांकडच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. शिवण संपते तिथे धाग्याची एक टणक गाठ होती.

"काका, दिवसभर ही गाठ तुमच्या करंगळीवर घासतेय. अजून आठवडाभर राहिली असती तर बोट काढावं लागलं असतं. कुठून घेतले हो असले मोजे?"

ती गाठ मी ओळखत होतो. तोंड शिवणाऱ्या मशीनवरच्या बाया मला कितीदा सांगायच्या, शिवणीच्या शेवटी गाठ येतेय, जरा बघा. ते मशीन खोलायचं म्हणजे अर्धा दिवस काम बंद. मी म्हणायचो, चालवा तसंच, गिऱ्हाइकाच्या बोटांना काय डोळे असतात? सगळ्या हसायच्या. मला तो माझा विनोद फार आवडायचा.

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "बाजारातून आणले होते."

सत्तावीस वर्षांत कारखान्यात मालकाचा ओरडा खाल्ला तेव्हाही मला इतकी लाज वाटली नव्हती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, एवढं जरी ती परत येताना रिक्षात म्हणाली असती तरी मला बरं वाटलं असतं.

जखम भरायला दोन महिने गेले. बोट राहिलं. काळ्या मोज्यांचं पोतं मीच खाली कचऱ्यात नेऊन टाकलं. पांढरा मोजा तोवर घोट्यापर्यंत आला होता. बोटांकडे शिवण नाही, गाठ नाही. आत हात घालून मी स्वतः तपासलं, दोनदा. तिला म्हटलं, आता इथेच थांबव, हवा तिथे थांबवता येतो म्हणाली होतीस ना, मला पुरुषाला ती जाळी नको.

"खालचं तुमचं," ती म्हणाली. "वरचं माझं."

म्हणून मी आता जाळीचे मोजे घालतो. खाली गेटपाशी खुर्चीत बसलं की पँट वर सरकते आणि वॉचमन दुसरीकडे बघतो. शिकवणाऱ्या बाईंनी तर मला लिफ्टपाशी थांबवून जाळी वाकून पाहिली आणि छान बसलीय म्हणाल्या. त्यांना मोज्यातलं आजही काडीचं कळत नाही.

पहिल्या मोज्याच्या करंगळीवर तो डाग अजून आहे, फिका तपकिरी. धुऊन जात नाही. मी एकदा म्हटलं, तेवढा उसवून नवा विण. ती म्हणाली, सुरुवातच तिथून आहे, तेवढंच उसवता येत नाही. आणि राहू दे तो.

रोज सकाळी चहा झाला की ती समोर स्टूल घेऊन बसते आणि "पाय" एवढंच म्हणते. मी देतो. ती बोटं एकेक करून बघते, मग मोजा चढवते आणि जाळी घोट्यावर नीट बसवते. ती जाळी डाव्या अंगाला वाकडी आहे, तीन ओळींत टाके चुकलेत. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.