मास्तरांच्या घराबद्दल मी कमलला सांगितलं ते

पीठ डांबरावर पसरलं होतं. कमल हायवेच्या कडेला पडली होती आणि तिच्यावर कुणीतरी पोतं टाकलं होतं. ट्रक पुढे जाऊन आडवा उभा होता. लोक सांगत होते, गिरणीवरून दळण घेऊन परत चालली होती, डोक्यावर डबा, कडेवर पोर. पोर बाजूच्या मातीत फेकली गेली म्हणून वाचली. मी धावत गेले नाही. चालत गेले. सगळ्या बाया रडत होत्या, मला रडू येत नव्हतं. मी एकाच गोष्टीचा विचार करत होते – मी सांगितलेलं कमल कुणाला बोलली तर नसेल?

असा विचार आला मला. मेलेल्या बाईजवळ उभी राहून.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही, देवापुढेही तोंडानं बोलले नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगते.

आमचं गाव सोनगीर. मुंबई-आग्रा हायवे गावाला लागूनच जातो. जुनं गाव एका बाजूला – बाजार, शाळा, दवाखाना, गिरणी, सगळं तिथेच. ऐंशी सालानंतर पलीकडच्या बाजूला प्लॉट पडले आणि लोक तिकडे घरं बांधू लागले. पण पलीकडे नुसती घरं. काडेपेटी आणायची तरी हायवे ओलांडायचा.

आम्ही जुन्या गावात भाड्याच्या एका खोलीत राहायचो. पाच माणसं. हे पितळी भांडी घडवायच्या कामाला होते. आमच्याच गल्लीत, चौकाच्या मागे, मास्तरांचं घर होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी. मास्तर नोकरीतून सुटले आणि मुलाकडे धुळ्याला जायला निघाले, म्हणून घर विकायला काढलं. त्या घरापासून गिरणी चाळीस पावलं. शाळेची घंटा चुलीपुढे ऐकू यायची. लहानपणी मी शेतात कोसकोस चालले, लग्नानंतर पाण्याला चालले. मला आता चालायचं नव्हतं. गुडघे दुखत होते म्हणून, असं सांगू? नव्हते दुखत. मला ते घर हवं होतं, एवढंच.

पण मास्तरांनी शब्द दिला होता कमलच्या नवऱ्याला.

कमल माझ्या माहेरच्या गावची. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान. मला अक्का म्हणायची. तिचं पहिलं बाळ तीन महिन्यांचं होऊन गेलं होतं, आणि तेव्हापासून ती प्रत्येक गोष्टीला घाबरायची. मांजर आडवं गेलं तरी घरी परत यायची. आम्ही हसायचो तिला. ती स्वतःही हसायची.

आमच्याकडे घर घ्यायचं तर पुरुष भिंती ठोकून बघतात, आणि बायका शेजारणीला विचारतात – घर लाभतं का? तशी ती विचारायला आली. मी भाकरी थापत होते.

"अक्का, तू त्या गल्लीमा ऱ्हास. सांग ना वं, घर कसं शे?"

"घर चांगलं शे," मी म्हणाले. मग थोडं थांबले. मुद्दाम थांबले. "पण तुले कसं सांगू..."

"काय वं?"

"तठे लेकरू जगत नही. मास्तरीणबाईना दोन गयात, पाळणामाच."

खोटं. साफ खोटं. मास्तरीणबाईंना एकच मुलगा झाला, तोच धुळ्याचा. दुसरं काही झालंच नाही, जाणार कुठून?

आता तुम्ही म्हणाल, ती मास्तरीणबाईंना जाऊन विचारेल ही भीती नव्हती वाटली? नव्हती. गेलेल्या लेकरांबद्दल आईला कुणी विचारत नाही. आमच्याकडे ते पाप धरतात. आणि ज्या बाईचं स्वतःचं बाळ गेलंय, ती तर मुळीच विचारणार नाही. हे मला भाकरी थापता थापता ठाऊक होतं. मी चिडून बोलून गेले असं नाही. विचार करून बोलले.

कमलचा चेहरा उतरला. पोटावरून पदर ओढून घेतला तिनं. तेव्हा मला कळलं की तिला पुन्हा दिवस गेलेत. तेव्हा तरी मी म्हणू शकत होते ना – अगं, ऐकीव गोष्ट आहे, खरी-खोटी कुणास ठाऊक? नाही म्हटलं. तव्यावरची भाकरी उलटली.

आठ दिवसांत त्यांनी घर घ्यायचं सोडलं. तिच्या नवऱ्याला कारणही नीट सांगता येईना. मास्तर रागावले, शब्द मोडला म्हणाले. ह्यांना वाटलं, आपलं नशीब उघडलं. दोन महिन्यांत आम्ही त्या घरात राहायला गेलो. कमलनं पलीकडे प्लॉट घेतला, वर पत्रे टाकले.

आम्ही घर घेतोय हे कळल्यावर ती पळत आली होती.

"अक्का, येडी व्हयनी का तू? तुले सगळं माहीत शे ना?"

"मन्हा पोरे मोठा व्हई ग्यात. माले काय व्हणार शे?"

तरी वास्तुशांतीच्या दिवशी तिनं लिंबू-मिरची आणली आणि माझ्या चौकटीला स्वतःच्या हातानं बांधली. मी बांधू दिली. वर तिला लाडू वाढले.

पुढे तिला मुलगी झाली. मनीषा. सव्वा महिना झाल्यावर तिला घेऊन आली, पण दाराबाहेर ओट्यावरच बसली. पोरीला घेऊन आत येईना.

"तू सांगं म्हणीसन वाचनूत वं अक्का. देख, जगनी मन्ही पोर. आणि हाऊ बाबा," नवऱ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली, "घर सोडं म्हणीसन आठ दिन मन्हासंगे बोलना नही. आते बोल म्हना!"

तो बिचारा हसला. मीही हसले. पोरीच्या हातात रुपया ठेवला.

दीड वर्ष ती हायवे ओलांडत राहिली. दळणाला, दवाखान्यात, बाजाराला. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. मी ओट्यावर बसून तिला जाताना बघायची. एकदा म्हणालीसुद्धा, "पलीकडे एक गिरणी व्हयनी ना अक्का, मग माले गावनं तोंड देखानं काम नही." मी काय बोलले असेन? काही आठवत नाही. बहुतेक चहा विचारला असेल.

मग तो दिवस.

दहाव्याला तिचा नवरा माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "अक्का, तुमचं ऐकलं म्हणून मनीषा तरी शे." सगळ्यांच्या देखत म्हणाला. चार बायांनी माझ्याकडे मानानं बघितलं. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान हलवली.

मान हलवली मी. तिथे मान खाली घालायची होती, सगळ्यांपुढे खरं बोलायचं होतं, हे कळत नव्हतं असं नाही. चौथी शिकलेय मी, पण तेवढं कळत होतं.

चार-पाच वर्षांनी मास्तरीणबाई एका लग्नाला गावात आल्या, तेव्हा घर बघायला म्हणून आत डोकावल्या. म्हणाल्या, "कमलनं का सोडलं हो हे घर? काय खोट निघाली होती, कधी कळलंच नाही." मी म्हणाले, "कोण जाणे." त्यांना पाणी दिलं.

मनीषाला तिच्या आजीनं वाढवलं. शाळेत जाताना ती माझ्या दारावरून जायची. मी हाक मारली तर ओट्याखाली उभी राहून बोलायची, पायरी चढायची नाही. आजीनं बजावलं होतं तिला – त्या घरात जायचं नाही. एकदा बोरं दिली मी, तर दप्तर पुढे धरून पायरीखालूनच घेतली.

हे वारले तेव्हा घर माझ्या नावावर झालं. अजून तिथेच आहे. गिरणी अजून चाळीस पावलांवर आहे.

त्या घरात माझ्या दोन्ही सुनांची बाळंतपणं झाली. चार नातवंडं. चारही जगली.