साडभाऊंची चिन्नोर

आमच्या साडभाऊंच्या घरात आजवर एकही वस्तू हरवलेली नाही आणि हरवलेलं सापडल्याचा आनंद काय असतो हे त्या घराला ठाऊकच नाही, असं मी पैजेवर सांगत असे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला साकोलीला. उभी हयात वीज उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून गेली. दर तासाला मीटर बघायचे आणि वहीत आकडे लिहायचे, हे काम. नोकरी सुटली, वही सुटली नाही. मोटार लावली की वेळ, बंद केली की वेळ, पाहुणा कधी आला, जाताना दार कोणी लोटलं, सगळ्याची नोंद. एकदा मी त्यांच्याकडे जेवून उठलो आणि त्यांनी लगेच वही ओढली. वाकून पाहिलं तर लिहिलं होतं, "पाहुण्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. प्रकृती?" साधा बल्ब बदलायचा तरी मेन स्विच पाडणार आणि त्यावर पाटी टांगणार, "काम चालू आहे, हात लावू नये." ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, कपाळावर हात मारून घेत. "याईच्या पाटीपायी मिक्सर बंद पडते. चटनी मले पाट्यावरच वाटा लागते!"

निवृत्तीनंतर त्यांनी एका जुन्या कॉम्प्युटरच्या पेटीत तीन मोठ्या हार्ड डिस्क बसवल्या आणि साऱ्या नातेवाइकांचे फोटो, लग्नांचे व्हिडिओ, सातबारे, मार्कलिस्टा तिथे जमा करायला सुरुवात केली. जाणते लोक याला सर्व्हर म्हणतात. साडभाऊ ढोली म्हणतात. आमच्याकडे धान साठवायची बांबूची मोठी कणगी असते, ती ढोली. ढोलीत धानच हवं म्हणून डिस्कना नावंही धानाची दिली: लुचई, हिरानक्की आणि चिन्नोर. "नंबर देल्ला का मानूस चुकते," ते मला म्हणाले. "चिन्नोर कोन इसरते, सांगा?" चिन्नोर हा सगळ्यांत वासाचा तांदूळ, म्हणून त्या डिस्कमध्ये सगळ्यांत मोलाचं.

आणि सगळ्यांत मोलाचा होता आमच्या सासऱ्यांचा आवाज. सासरे लाखांदूरकडचे शेतकरी. शेवटच्या उन्हाळ्यात साडभाऊ रोज त्यांच्यापुढे फोन ठेवून बसायचे आणि काहीबाही विचारायचे. धानाची कोणती बांधी कोणाकडून घेतली, तलावाचं पाणी आधी कोणाकडे वळायचं, दंडारीच्या खेळात त्यांनी कोणतं सोंग घेतलं होतं. सासरे वैतागायचे, मग खुलायचे, मग गायचे. ते गेले. दोघी बहिणींना भाऊ नाही, गावच्या घराला कुलूप लागलं. तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याला आम्ही भंडाऱ्याहून साकोलीला जातो आणि सोनं वाटून झालं की दोघी बहिणी ढोलीपुढे बसून बापाचं बोलणं ऐकतात. ते दोन तास म्हणजे त्यांचं माहेर. दुसरं उरलेलं नाही. या आवाजाची दुसरी एकच प्रत होती, ती माझ्या फोनमध्ये. साडभाऊंच्या ढोलीवर माझा एवढा विश्वास की फोनमध्ये जागा कमी पडली तेव्हा मी ती खुशाल पुसून टाकली.

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. कोणी विळा मांडतो, कोणी वस्तरा. साडभाऊ डिस्क मांडतात. त्या दिवशी पेटी बंद करून तिन्ही डिस्क बाहेर काढायच्या, फडक्याने पुसायच्या, पाटावर ओळीने उभ्या करायच्या, हळदकुंकू वाहायचं आणि संध्याकाळी पुन्हा जागच्या जागी बसवायच्या. गेल्या साली पूजा माझ्या बायकोने मागून घेतली.

दसऱ्याच्या सकाळी साडभाऊंनी पेटी सुरू केली. लुचई दिसली, हिरानक्की दिसली. चिन्नोर नाही. पेटी बंद करून परत लावली. तरी नाही. ते उठले, मेन स्विच पाडला, पाटी टांगली आणि वही उघडली. "९.१० – चिन्नोर दिसत नाही." लुचईची वायर काढून चिन्नोरला लावली, तेवढ्यापुरता स्विच लावून पाहिला, तरी चिन्नोर गप्प. तसंच चिन्नोरची वायर लुचईला लावून पाहिली, तर लुचई ठणठणीत. म्हणजे वायर बरी, दोष डिस्कचा. मी सुचवलं की जुन्या रेडिओसारखी एक टपली मारून पाहावी. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तीन पावलं मागे सरलो. गावातल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, डिस्क गेली. नवी टाका." साडभाऊ शांतपणे म्हणाले, "नवी टाकाले का ते बल्ब होय?" आणि फोन ठेवून दिला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला कणीक तशीच. तिने मला हळूच विचारलं, "बाबा पुन्हा गेले का हो?" फोनमध्ये जागा करायची अक्कल मला त्या दिवशी का सुचली, म्हणून मी स्वतःला शिव्या घालत होतो.

साडभाऊंनी मला टॉर्च धरायला लावला आणि पोथी वाचायचं भिंग घेऊन चिन्नोरच्या तोंडाशी, जिथे वायर घुसते तिथे, डोळा लावला. मग भिंग माझ्या हातात दिलं. आत त्या बारीक सोनेरी पट्ट्यांवर ओल्या कुंकवाचा थर वाळून बसला होता आणि त्यात अक्षतेचा एक तुकडा रुतला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आदल्या दिवशीची पूजा दोघांनीही पाहिली होती. लुचईला चिमूट, हिरानक्कीला चिमूट. चिन्नोरपुढे मात्र बायको थांबली होती. कुंकू पाण्यात कालवून, ओंजळभर अक्षता वाहून, डोळे मिटून कितीतरी वेळ हात जोडून बसली होती.

साडभाऊंनी सुईने तो दाणा काढला, स्पिरिटचा बोळा फिरवला, डिस्क बसवली, पाटी काढली, स्विच लावला. लुचई, हिरानक्की, चिन्नोर. "आली!" एवढंच म्हणाले. दोघी बहिणी धावत आल्या.

"काय झालतं भाऊजी?" बायकोने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर शंका आधीच होती. "माह्यानं तर नाई ना काई झालं? काल मीनंच पूजा केल्ती."

"तुमच्यानं कायले होईल, शोभाबाई? वायर ढिली होती. मीच बराबर बसवली नाई," साडभाऊ म्हणाले आणि तिच्या देखत तसंच वहीत लिहिलं. या माणसाला नोकरीत एकदा रात्रपाळीला दहा मिनिटं डुलकी लागली होती, तर ती त्याने स्वतःच्या हाताने नोंदवून वरिष्ठांचा मेमो घेतला होता. मी मुकाट्याने टॉर्च विझवला.

मग सासरे बोलू लागले. "का जवाईबापू, तुमाले काई कामधंदा नाई का? सुरू झाली का थे मशीन?" दोघी हसल्या, आणि हसता हसताच पदर डोळ्यांना गेला. साडभाऊ तिथे थांबले नाहीत. अंगणात जाऊन कोरड्या टाकीत उगाच डोकावत राहिले.

यंदाच्या खंडेनवमीला आम्ही पोहोचलो तेव्हा ते खाली मान घालून डिस्कांच्या तोंडांवर चिकटपट्टी लावत होते. पट्टी वाकडी बसते, मग काढून पुन्हा लावतात. माझी मदत घेतली नाही. तिन्ही डिस्क पाटावर मांडल्या, पाण्याची वाटी आणि कुंकवाचा करंडा बायकोकडे सरकवला आणि म्हणाले, "घाला शोभाबाई. जेवढं घालाचं हाय तेवढं घाला."