परेरांचं घर का विकलं जात नव्हतं

अंधेरीच्या पूर्वेला, हमरस्त्यापासून आत गावठाणात कॉस्मस परेराचं घर होतं. मंगलोरी कौलं, पुढे ओटा, ओट्याला चार लाकडी खांब. आजोबांनी बांधलेलं. १९६८ साली ईस्टर झाल्यावर कॉस्मसने ते विकायला काढलं. पावसाळ्याआधी काम होऊन जाईल, असा त्याचा अंदाज होता.

विकायचं कारण एकच. त्याची बायको एडना हिचे गुडघे गेले होते, आणि घराचा संडास मागच्या अंगणात, विहिरीच्या पलीकडे कुंपणाला लागून होता. स्वयंपाकघराच्या दारापासून तिथवर एकतीस पावलं आणि मधे दोन दगडी पायऱ्या. एडना आधी भिंतीला हात लावायची, मग विहिरीच्या कठड्याला, मग पेरूच्या झाडाला, आणि अशी दिवसातून चार-पाच वेळा ती वाट कापायची. पुढे पुढे ती पाणी कमी पिऊ लागली. का, ते कॉस्मसला आठवडाभराने कळलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी तो टोपी घालून निघाला आणि अंबादास दलालाला घराची हकीकत सांगून आला.

मुलगी मॉनिका बोरिवलीला राहायची. तिच्याच इमारतीत तळमजल्यावर ओनरशिपचा एक ब्लॉक रिकामा होता. संडास घरात, बसायला कमोड, डोक्यावर पाण्याची टाकी आणि ओढायला साखळी. नाताळात तिकडे गेली असताना एडना मॉनिकाच्या घरातल्या तशाच संडासातून बराच वेळ बाहेरच आली नव्हती. आली तेव्हा म्हणाली, "तुझ्या घरात हिच्याएवढी चांगली खोली दुसरी नाय गो." मॉनिका हसली. कॉस्मस हसला नाही, कारण त्याला ते खरंच वाटलं.

कॉस्मसने चौतीस वर्षं एका कारखान्यात फिटर म्हणून काढली होती. घर विकायला काढलं त्याच आठवड्यात त्याने एडनाला खुर्चीवर बसवून तिच्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजली. सव्वीस इंच भरली. इंची पाइपचा तुकडा कापून, दोन्ही टोकांना चकत्या बसवून, स्क्रूसाठी भोकं पाडून त्याने एक दांडा तयार केला. बसता-उठता धरायला. त्याला पांढरा रंग दिला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागे ठेवला.

"तोवर इथंच लाव ना," एडना म्हणाली.

"ही भिंत मातीची. स्क्रू धरणार नाय. दोन महिन्यांचा तर प्रश्न."

गिऱ्हाइकं येऊ लागली. पण घर जुन्या रीतीचं. ओटा, मग पुढली खोली, तिच्यातून मधली, मधलीतून स्वयंपाकघर. कुठेही जायचं तर दुसऱ्याच्या अंथरुणावरून जायचं. मधल्या खोलीला खिडकीच नव्हती. पूर्वी तिथे भाताचे कणगे असत आणि घरातल्या बायका तिथेच बाळंत होत. विलेपार्ल्याचं एक जोडपं आलं, त्यातल्या बाईंनी त्या खोलीत उभं राहून दिवसाढवळ्या दिव्याचं बटण शोधलं आणि तोंडाला पदर लावून बाहेर आल्या. एका गृहस्थांनी छत्री आडवी धरून गल्लीची रुंदी मोजली. त्यांना गाडी घ्यायची होती. संडासापर्यंत पोचणारे पोचले की परत येताना घाईत असत.

अंबादासला त्याचं काही वाटत नव्हतं. सायकल खांबाला टेकवून तो एडनाच्या हातचा चहा पीत सांगायचा की जुन्या घराला असंच होतं, निम्मे गल्लीतून परततात, निम्मे संडासातून, पण ज्याला जागा हवी तो कौलं बघत नाही. त्याचं म्हणणं खरं होतं. अडीच वर्षांत अकरा गिऱ्हाइकं झाली, त्यांतल्या तिघांनी गल्ली, काळोख, संडास सगळं चालवून घेतलं. ते तिघेही परतले ते मागच्या दारातून.

मागच्या दाराची गोष्ट अशी होती. कॉस्मसच्या आजोबांच्या काळात एका कोरड्या वर्षी गावची विहीर आटली. आजोबांच्या आवारात पाणी लागेल असं कोणीतरी सांगितलं, आणि अख्खं गावठाण खणायला उतरलं. बायकांनी डोक्यावरून दगड वाहिले. पाणी लागलं तेव्हा आजोबांनी गावच्या क्रूसासमोर उभं राहून शब्द दिला, की हे घर उभं आहे तोवर गावच्या लग्नाचं पाणी इथूनच जाईल आणि मागच्या कुंपणाचं दार त्यासाठी बंद होणार नाही. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला, नवऱ्याला न्हाऊ घालायला विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात, हे कॉस्मस गिऱ्हाइकाला समजावून सांगायचा. बायका घडे घेऊन येतात, मडक्याला कातडं ताणून केलेला घुमट वाजतो, विहिरीत अंडं आणि नाणं सोडतात, गाणी म्हणतात. तासाभराचं काम. घर घेणाऱ्याने फक्त दार उघडं ठेवायचं.

हे तो सगळ्यात शेवटी सांगायचा, विहिरीशी उभं राहून, व्यवहार जमत आला की.

विद्याधर नावाच्या छापखानेवाल्याने तर विसाराचे पैसे खिशातून काढले होते. त्याने विचारलं, "वर्षाला किती लग्नं होतात?"

कॉस्मसने बोटांवर मोजून प्रामाणिकपणे उत्तर दिलं. "सात-आठ. मे महिन्यात जरा जास्त."

विद्याधर हसला, मग समोरचा माणूस थट्टा करत नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्याला विहिरीवर लाद्या टाकून तिथे यंत्र बसवायचं होतं. तो म्हणाला की मागे भिंतच येणार. कॉस्मस म्हणाला, मग घर देता येणार नाही. विद्याधरने पैसे खिशात परत ठेवले, पण पत्ता लिहून दिला. विचार बदलला तर कळवा म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी अंबादास सायकल धरून उभा राहिला. "काका, गिऱ्हाईक विचारत नाय ते सांगायचं कशाला? कागदावर आहे का कुठं?"

"कागदावर नाय."

"मग?"

"उद्या घुमट वाजवत बाया दारात उभ्या राहिल्या आणि समोर भिंत असली, तर त्यांनी काय करायचं रे?"

 अंबादास सायकलवर बसून गेला, आणि पुढचे चार महिने त्याने गिऱ्हाईक आणलं नाही.

एडनाला कॉस्मस दर वेळी काहीतरी वेगळं कारण सांगायचा. गल्ली अरुंद, कौलं गळतात म्हणाले, त्यांना स्टेशन लांब पडतं. विद्याधर गेला त्या दिवशी तो म्हणाला की मधल्या खोलीत उजेड नाही म्हणून परतला. एडना भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "विहिरीशी बोललेलं सगळं स्वयंपाकघरात ऐकू येतं. तीस वर्षं इथंच उभी हाय मी."

 कॉस्मसने विचारलं, "तिन्ही वेळा ऐकलंस?"

"तिन्ही वेळा."

"मग बोलली का नायस?"

"तू कधी थांबतोस ते बघत होती." तिने सुरी खाली ठेवली. "शब्द गावाला दिलाय ना? मग गावाकडनंच सोडवून घे. हेन्रीकडे जा."

हेन्री हा गावकीचा म्हातारा, वयाने कॉस्मसहून दहा वर्षांनी मोठा. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर कॉस्मस त्याच्या ओट्यावर जाऊन बसला. काय बोलायचं ते त्याने वाटेत जुळवलं होतं. पण तो तोंड उघडणार तोच हेन्रीने सुरुवात केली, की मे महिन्यात नातीचं लग्न आहे आणि पाणी तुझ्याच विहिरीचं. "तुझ्या दारी आल्याबिगर आमचं लगीन लगीन नाय, कॉस्मस." कॉस्मसने चहा पिऊन कप खाली ठेवला. हेन्रीच्या बायकोने फडक्यात बांधून मैद्याचे तळलेले फुगे दिले, ते घेऊन तो घरी आला.

"हेन्री घरी नव्हता," त्याने सांगितलं.

"मग फुगे?"

"बायकोनं दिले."

एडनाने फडकं सोडलं, एक फुगा मोडून अर्धा त्याला दिला, अर्धा आपण खाल्ला. त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही.

मे महिन्यात हेन्रीच्या नातीचं पाणी न्यायला गाव आलं. तीस-चाळीस बायका लाल लुगडी नेसून, पुढे घुमट, मागे पोरंबाळं. एडनाही नव्या लुगड्यात स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली आणि गाण्यांना सूर देत होती. अर्ध्या तासाने तिचा सूर थांबला. कॉस्मसने तिच्याकडे पाहिलं. ती संडासाच्या दाराकडे बघत होती. मधल्या एकतीस पावलांवर सगळं गाव उभं होतं. बायका तिला हाका मारत होत्या, एडनामावशी, आता तुमचं ते जुनं गाणं होऊ दे. एडनाने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि ते गाणं म्हटलं, सगळी कडवी. लोक गेल्यावर ती उठली, पण उशीर झाला होता. नवं लुगडं तिने स्वतःच धुऊन टाकलं, कॉस्मसला बादलीला हात लावू दिला नाही.

त्या रात्री त्याने कपाटामागचा दांडा काढून पाहिला. मातीच्या भिंतीत लाकडी खुंट्या ठोकून त्यावर तो बसवता आला असता. फिटरला हे सुचायला दोन वर्षं लागावीत, याची त्याला लाज वाटली. तरी त्याने दांडा पुन्हा गुंडाळून ठेवला. इथे बसवला असता तर घर विकणार नाही असं कबूल केल्यासारखं झालं असतं.

डिसेंबरात, नाताळ दहा दिवसांवर असताना, एडना सकाळी संडासला निघाली. कठड्यावरचा हात सुटला, पेरूपर्यंत पोचला नाही. दुसऱ्या पायरीवर ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून तिला जानेवारीत घरी आणलं आणि बिनखिडकीच्या मधल्या खोलीत झोपवलं, कारण तिथे वारा लागत नाही. आता तिला एकतीस पावलं जायला लागत नव्हती. मॉनिका महिनाभर येऊन राहिली, भांडं तीच द्यायची आणि तीच काढायची. एकदा एडना तिला म्हणाली, "खालचा तो ब्लॉक गेला का गो?" तो केव्हाच गेला होता. मॉनिका म्हणाली, नाही, आहे अजून.

मार्चच्या सुरुवातीला, राखेच्या बुधवारनंतरच्या आठवड्यात, एडना छातीत कफ होऊन वारली.

तिच्या महिन्याची मिस्सा झाल्यावर मॉनिकाने बापाला सांगितलं, की आता तुम्ही माझ्याकडे चला, इथे एकटे राहू नका, घराचं काय ते गावकीला विचारून टाका. कॉस्मस हेन्रीच्या ओट्यावर गेला. या वेळी त्याने बसायच्या आधीच सांगून टाकलं. आजोबांचा शब्द, मागचं दार, तीन गिऱ्हाइकं. गावाने मोकळं करावं, एवढं मागणं.

हेन्रीने त्याला हाताला धरून बसवलं.

"कॉस्मस, तुझ्या विहिरीला चार वर्षं तेलाचा वास येतो. वरच्या बाजूला कारखाने झाले तवापासून. तुला ठाव नाय?"

कॉस्मसला ठाऊक नव्हतं. पिण्याचं पाणी नळाचं, विहिरीचं फक्त संडासाला आणि झाडांना. आणि ज्याचे हात चौतीस वर्षं तेलात होते त्याला तो वास वेगळा कधी आलाच नव्हता.

"ते पाणी आम्ही वाजतगाजत आणायचो आणि माडाला ओतायचो," हेन्री म्हणाला. "पोरीला न्हाऊ घालायचो नळाच्या पाण्यानं. बाया म्हणायच्या, कशाला जायचं तिकडं. मीच म्हणायचो, जायचं. कॉस्मसला वाईट वाटेल. एडनाचे पाय तसे, त्यात गावानं पण त्याचं दार सोडलं असं नको व्हायला. घर गल्लीमुळं अडलंय, असंच वाटलं आम्हाला." त्याचा आवाज खाली आला. "तू एक शब्द बोलला असतास तर रे."

"मागे आलो होतो मी," कॉस्मस म्हणाला.

"कधी?"

"तू नातीच्या लग्नाचं बोललास तेव्हा."

"ते तुला बरं वाटावं म्हणून बोललो मी."

 हेन्रीच्या बायकोने चहा आणून ठेवला, तो निवला.

विद्याधरचा पत्ता कपाटात होता. तीन आठवड्यांत व्यवहार झाला. १९७१च्या मे महिन्यात विहिरीवर लाद्या पडल्या, मागे भिंत आली. त्याच महिन्यात गावठाणात तीन लग्नं झाली, आणि पाण्यासाठी कोणाला कुठे जायचं ते विचारावं लागलं नाही.

कॉस्मस बोरिवलीला येताना दोन ट्रंका, एडनाचा क्रूस आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला दांडा घेऊन आला. मॉनिका कामावर गेलेली असताना त्याने तिच्या संडासात कमोडशेजारच्या भिंतीला भोकं पाडली. भिंत पक्की होती, स्क्रूंनी लगेच धरलं. संध्याकाळी मॉनिकाने पाहिलं. कॉस्मस अंगाने उंच. त्याला बसता-उठता तो दांडा फार खाली यायचा, धरायला वाकावं लागायचं.

"बाबा, हा सहा इंच वर घ्यायला पाहिजे ना? तुमच्या हाताला येत नाही."

"सव्वीस बरोबर आहे," कॉस्मस म्हणाला आणि स्क्रूड्रायव्हर पुसून ट्रंकेत ठेवला.