बंद खोलीतली ऊब

थंडीतल्या एका सकाळी मी बाळंतीण ताईला भेटायला गेले. आईने तिच्या खोलीची दारं-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी ठेवली होती.

"डोकं फार दुखतंय गं," ताई पुटपुटली. तिच्या कुशीतलं बाळ निपचित पडलं होतं.

मी खिडकी उघडली.

"अगं, गारठा बाधेल बाळाला," आई म्हणाली.

"आई, आधी शेगडी बाहेर ने."

बाळाला छातीशी धरून मी अंगणात आले. ते हलेना. थंडीपासून जपता जपता आपण श्वासापुरती हवाही बाहेर ठेवली होती.

मग ते कळवळून रडलं. ताईही भिंत धरत बाहेर आली. आईने शेगडी अंगणात आणून ठेवली. बाळाला गप्प करावंसं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.