पंचविसातली एक चिप

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहते. मी तिला दाखलाबाई म्हणतो. आता सगळेच म्हणतात, तिचा नवरासुद्धा. साधी उशी घ्यायची झाली तरी ही आधी विचारणार, "आतला कापूस आला कुठून?" लग्न ठरवताना हिने नवऱ्याला काय काय विचारलं असेल, यावर आम्ही म्हाताऱ्यांनी कितीतरी संध्याकाळी बाकावर बसून काथ्याकूट केला आहे. नवरा नुसता हसतो. पठ्ठ्या तोंड उघडत नाही.

तिची नोकरीच तशी. कारखान्यातली यंत्रं जुनी, त्यांच्यातल्या चिपा बनवणं कंपन्यांनी केव्हाच थांबवलेलं. त्या खात्रीच्या ठिकाणाहून मिळवायच्या, हे तिचं काम. बोलणं मात्र मोजकं. जिन्यात भेटली तर "काय काका," एवढ्यावर बोळवण करणार.

गेल्या वर्षी आमची लिफ्ट बंद पडली, तीही नेमकी माझे भाऊजी अर्धांगवायूच्या झटक्याने इस्पितळात असताना. त्यांचं बिऱ्हाड सातव्या मजल्यावर. त्यामुळे इस्पितळातून त्यांना परस्पर लेकीच्या तळमजल्यावरच्या घरी न्यावं लागलं. वर ताई एकटी. तिचे गुडघे असे, की एकदा भेटायला म्हणून उतरली ती परत चढताना तिसऱ्या मजल्यावर थांबली आणि शेजाऱ्यांकडे जेवूनच पुढे निघाली. डॉक्टरांनी नंतर चांगलीच खरडपट्टी काढली. मग राहिला फोन. भाऊजींची जीभ जड झालेली, निम्मे शब्द घशातच अडकायचे.

"फोनवर तोंड दिसतं रे," ताई मला म्हणाली, "पण हे बोलतात हाताने. मी शेजारी असले की न सांगता कळतं मला. लेकीला नाही कळत. चिडतात मग, आणि जेवत नाहीत."

मिस्त्रीने लिफ्ट उघडून निदान केलं: कंट्रोलच्या बोर्डावरची एक चिप गेली आहे, ती आता बनत नाही, सबंध लिफ्ट बदला. म्हणजे वर्षभर लिफ्ट विसरा! आमचे खजिनदार हौशी गृहस्थ. त्यांनी धावपळ करून बाजारातून तीच चिप पैदा केली आणि भर बैठकीत विजयी मुद्रेने टेबलावर ठेवली.

"कुठून आली?" दाखलाबाईने विचारलं.

"बाजारातून."

"बाजारात कुठून आली?"

"अहो, बाजाराला काय आईबाप असतात?"

ती घरी जाऊन कापूस आणि नेलपॉलिश काढायची बाटली घेऊन आली. चार वेळा घासल्यावर चिपेवरची अक्षरं कापसावर उतरली आणि खालून दुसराच नंबर डोकावला.

"जुन्या बोर्डावरून उपटलेली आहे. घासून वर नवं नाव छापलंय. आमच्या कारखान्यात आम्हीही एकदा अशाच फसलो होतो. पण तिथे नुसतं यंत्र थांबलं, इथे आत माणूस असणार."

खजिनदारांचा चेहरा पडला, पण माणूस दिलदार. म्हणाले, "मग खरी कुठे मिळते ते सांगा, मी उठून जातो."

तेव्हा तिने समजावून सांगितलं. मूळ कंपनीने ही चिप बंद केली खरी, पण उरलेला कच्चा माल, नकाशे आणि बनवायची परवानगी एका दुसऱ्या कंपनीला रीतसर देऊन टाकली. ती कंपनी मागणी आली की तीच चिप बनवून देते, दाखल्यासकट. म्हणजे खानावळवाल्याने गाशा गुंडाळला, पण जाताना चुलीची किल्ली विश्वासाच्या माणसाकडे दिली म्हणा ना!

"मग मागवा की!" मी म्हणालो.

"पंचविसांखाली देत नाहीत, काका."

आम्हाला हवी एक. उरलेल्यांचं काय लोणचं घालायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दाखलाबाई माझ्या दारात. "काका, तुम्हाला बोलायला आवडतं ना? चला. आपल्यासारखी लिफ्ट असलेल्या इमारती शोधायच्यात. मला दार वाजवता येतं, पुढचं जमत नाही."

आयुष्यभर लोकांच्या घरातल्या बातम्या गोळा केल्याबद्दल मी बोलणीच खाल्ली होती. आता त्याच विद्येला मागणी आली! रोज संध्याकाळी ती कारखान्यातून आली की आमची वरात निघायची. मी पहारेकऱ्याला गप्पांत गुंतवायचो, ती बोर्डाचा नंबर बघून यायची. एका बाईंनी तर आम्हाला बसवून, पाणी देऊन विचारलं, "मुलगा काय करतो?" त्यांना वाटलं आम्ही त्यांच्या मुलीसाठी स्थळ घेऊन आलोय. मीही जरा वेळ भाव खाल्ला. दाखलाबाईने मात्र सरळ सांगून टाकलं, "आम्ही लिफ्टसाठी आलोय." चहा हुकला.

पण त्याच बाईंच्या इमारतीने दोन घेतल्या. आज ना उद्या आपलीही जाणार, हे सगळ्यांना पटत होतं. एका दवाखान्याने चार घेतल्या. शेवटी पंचवीस भरायला थोड्या कमी पडल्या, तेवढ्या मिस्त्रीने स्वतःसाठी मागवल्या.

माल यायला महिने लागले. ताई रोज विचारायची आणि मी रोज थाप मारायचो, "निघालाय." अखेर सीलबंद पाकीट आलं. दाखलाबाईने दाखला शब्द न् शब्द वाचला, अंगातली वीज चिपेला लागू नये म्हणून मनगटाला तार बांधली आणि चिप स्वतः मिस्त्रीच्या हातात दिली. ती बसवून तो दिवसभर चाचणीसाठी लिफ्टमध्ये वाळूची पोती वरखाली नेत होता. खजिनदार तळमळत होते. पहिला मान पोत्यांनी पटकावला ना!

दुसऱ्या दिवशी लेक आणि जावई भाऊजींना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आले. सातव्यावर दार उघडलं. समोर ताई. भाऊजींचा चांगला हात वर झाला, दोन बोटं नुसती हलली.

"उशी पाठीला हवीय त्यांना, मानेला नाही," ताई लेकीला म्हणाली. "कधीचे सांगतायत!"

भाऊजी रडत होते आणि हसतही होते. आमचंही काही वेगळं चाललं नव्हतं.

ताईने बाजूला उभ्या दाखलाबाईचा हात घट्ट धरला. नुसती म्हणाली, "तू आत ये गं."

"संध्याकाळी येते, ताई. कारखान्याला उशीर होतोय."

लिफ्ट काही मिळेना. कारण नसताना अख्खी इमारत वरखाली करत होती, सगळ्यांत पुढे खजिनदार. दाखलाबाईने थोडी वाट पाहिली, पिशवी खांद्याला लावली आणि जिन्याने खाली उतरून कामाला गेली.